यादीतल्या दोन सारख्या ओळी

कोड लिहिताना मला टापटिपीचं भारी वेड. निफाडकडच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउससाठी ॲप करत होते. द्राक्षांवरच्या औषधाच्या अंशाचा प्रयोगशाळेचा रिपोर्ट त्यात चढवला, की ते शेतकऱ्याला 'तोडा' किंवा 'थांबा' सांगायचं. शेतकऱ्याच्या नोंदीत पाच रकाने ठेवले होते: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, मळा. यादीत दाखवायला त्यांची एक ओळ जोडायची, एवढंच काम. पहिले तीन जोडले, मध्ये मोकळी जागा सोडली आणि स्वतःवरच खूश झाले. तिथं नोंदी करणारी ताई म्हणाली होती, "मळा पण टाका ना मॅडम, आमच्याकडं मळ्यावरूनच माणूस कळतो." मी हसून टाळलं. मोबाइलवर ओळ मोडते, वाईट दिसतं. शहरात कॉलेज रोडवरच्या ऑफिसात बसून मला फार कळत होतं.

ऐन हंगामात एका सकाळी एका शेतकऱ्याचा फोन आला. "पेठ तालुक्यातनं तोडणीची माणसं येऊन बसलीत, अन् तुमचं ॲप म्हणतंय थांबा, औषधाचा अंश लय हाय. महिनाभर फवारणीच केली नाय मी!"

यादी उघडली. एकाच गावात तेच नाव, तेच वडिलांचं नाव, तेच आडनाव असलेले दोघं. अर्धंअधिक गाव एका आडनावाचं, त्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं. हे व्हायचंच होतं. दोन हुबेहूब ओळी बघून ताईनं प्रयोगशाळेचे दोन रिपोर्ट अंदाजानं चढवले होते. रिपोर्टवरच्या मळ्याशी ताडून बघितले, तर नेमके उलटे.

मी ओळीला गाव आणि मळा जोडला. दोन मिनिटं लागली. रिपोर्ट जागच्या जागी लावले आणि फोन केला, "काका, तोडा खुशाल." काका इतके खूश झाले की मला द्राक्षांची पेटी कबूल करून बसले. मीही ऐटीत चहा मागवला.

चहा अर्धा झाल्यावर डोक्यात आलं, मग दुसऱ्या काकांचं काय? त्यांना तर ॲपनं कालच तोडायला सांगितलं होतं. कप तसाच ठेवला. फोन लावला. मागे कात्र्यांचा आवाज, बायकांच्या गप्पा. मी सगळं सांगितलं. आठ दिवस घड वेलीवर राहिले असते तर अंश उतरून माल पास झाला असता, हेही सांगून बसले.

ते मग म्हणाले, "निम्मी बाग खाली झाली, मॅडम."

आणि फोन कानाला तसाच ठेवून ओरडले, "ए, थांबा गं सगळ्या!"

मागचा आवाज बंद झाला.