एक नऊवारी जास्तीची

सिनेमाला काय घालायचं आणि नाटकाला काय घालायचं, याबद्दल माझी ठाम मतं आहेत आणि कुणी विचारलं नाही तरी मी ती सांगते. सिनेमाला काळोख असतो. तिथले कपडे लॉबीपुरते आणि फोटोपुरते, त्यामुळे वर भडक आणि खाली आरामशीर. नाटकाचं तसं नाही. मध्यंतरात लाइट लागतात, लोक बटाटावड्याच्या रांगेत उभे राहून एकमेकांना वरपासून खालपर्यंत बघून घेतात. तिथे साडीच. कॉटनची, कडक इस्त्रीची, आणि कानात असं काहीतरी की मागच्या रांगेतल्या बाईचं अर्धं नाटक ते बघण्यातच जावं.

सोमवार ते शुक्रवार मी मालाडच्या ऑफिसात कानाला हेडफोन लावून लोकांची बोलणी खाते. मग शनिवार-रविवारी मला माणसात यायला लागतं. शेजारच्या खुर्चीवर माझी मैत्रीण बसते, दिंडोशीची. बोरिवलीला चांगलं नाटक लागलं की ती तिकिटं काढते आणि दोघींनी काय घालायचं ते मी ठरवते. ती बिचारी बारा महिने जीन्समध्ये असते. "तू मला नाटक बघायला नेतेस की दाखवायला?" असं ती दर वेळी म्हणते आणि दर वेळी मी सांगितलेलं नेसून येते.

ही हौस माझ्यात कुठून आली? आईकडून तर नक्कीच नाही. तिच्या चार बऱ्या साड्या कपाटात वर्षानुवर्षं डांबराच्या गोळ्यांशी संसार करतायत. ही हौस आली बाबांकडून, आणि घरात हे सगळ्यांना माहीत असून कुणी बोलत नाही. मी तयार होऊन बाहेर पडायला लागले की बाबा पेपरावरून एकदा बघतात. "पदर बोटभर वर घे," एवढंच म्हणतात आणि परत पेपरात तोंड घालतात. मी घेते बोटभर वर. आणि च्यायला, दर वेळी साडी एकदम वेगळीच दिसायला लागते.

बाबा लग्नाआधी गावच्या नाटकात बाईचं काम करायचे. कोकणात आमच्या गावी जत्रेला नाटक व्हायचं, मुंबईला नोकरी करणारी मंडळी रजा टाकून जायची, आणि हिरॉइन ठरलेली, आमचे बाबा. आई शेजारच्या गावची. तिने ते नाटक पाहिलं आणि हिरॉइनच्या नऊवारीवर तिचा जीव जडला. नाटक संपल्यावर ती सरळ पडद्यामागे गेली, "बाई, साडी खंयसून घेतली?" असं दुकानाचं नाव विचारायला. बघते तर हिरॉइन खोक्यावर बसून बिडी ओढतेय. हिरॉइन म्हणाली, "ड्रेपरीवाल्याची आसा. परत करूची आसा." नाटकाचे कपडे भाड्याने देणारा तो ड्रेपरीवाला. पुढच्या वर्षी आईबाबांचं लग्न झालं.

ही गोष्ट आई फक्त बाबा घरी नसताना सांगते. कारण लग्नानंतर ते दहिसरच्या चाळीत राहायला आले आणि तिथे एका शेजाऱ्याला या नाटकाचा पत्ता लागला. सकाळी नळावर बाबा दिसले की तो ओरडायचा, "काय वहिनी, पाणी भरलंत का?" मग सगळी चाळच त्यांना वहिनी म्हणायला लागली. पोरंसुद्धा. त्या वर्षी बाबांनी रजा मिळाली नाही म्हणून सांगितलं आणि ते गावच्या नाटकाला गेलेच नाहीत. त्यानंतर त्यांनी कधी साडीची घडीसुद्धा घातली नाही, आईची साडी दोरीवरून काढायची असली तरी मला हाक मारतात. पुढे चाळ पाडून टॉवर झाला आणि आम्ही सगळे होतो तसेच उचलून वर ठेवले गेलो. आम्ही सातव्या मजल्यावर, तो शेजारी चौथ्या. लिफ्टमध्ये भेटले की दोघं पावसापाण्याचं बोलतात.

तर मागच्या वर्षी एक बायकांचा सिनेमा आला. तो बघायला बायका घोळक्याने जायच्या, सगळ्यांच्या एकसारख्या साड्या, डोळ्यांवर काळे गॉगल, आणि पोस्टरसमोर फोटो. सिनेमा राहिला बाजूला, फोटोचीच चर्चा जास्त. आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांनाही चेव आला. नऊवारी नेसून जायचं ठरलं, आणि फॅशनचं खातं अर्थातच माझ्याकडे आलं.

"शिवलेल्या नऊवाऱ्या आणूया," कुणीतरी म्हणालं. "पाय घातले, नाडी बांधली, झालं."

"पाय घालतात त्याला पायजमा म्हणतात," मी म्हणाले. "नऊवारी नेसतात."

काय ऐट होती माझी! मालाड स्टेशनबाहेरच्या मार्केटातून मोरपंखी रंगाच्या, राणी काठाच्या, न शिवलेल्या बारा नऊवाऱ्या मी घासाघीस करून आणल्या. जाणाऱ्यांतली एक काकू ऐन वेळी लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला गेली. "साडी तुलाच राहू दे गं, मी कुठे नेसू आता," म्हणाली. त्यामुळे एक साडी आणि एक तिकीट उरलं. नेसवायला बोरिवलीहून एक ताई येणार होती. दुपारचा शो, आमच्या हॉलमध्ये सकाळी सगळ्यांनी जमायचं, माझी मैत्रीणही दिंडोशीहून येणार. सगळं कसं झकास.

रविवारी सकाळी ताईचा मेसेज आला. एका नवरीकडे अडकली होती, येणं जमणार नव्हतं, खाली हात जोडल्याची तीन चित्रं.

हॉलमध्ये अकरा बायका ब्लाउज आणि लेगिंग घालून, ओढण्या गुंडाळून बसलेल्या. केसात गजरे, नाकात नथी, आणि नऊवारी नेसता येणारी एकही नाही. ज्यांच्या आज्या नेसायच्या त्यासुद्धा नुसत्या "अशी काहीतरी मागे घ्यायची असते" म्हणून हात हलवत होत्या. मग मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यातली बाई एवढी पटापट नेसत होती की आम्ही गाठ मारेपर्यंत तिचा काष्टा घालून झालेला असायचा. माझ्या मैत्रिणीने प्रयत्न केला आणि दोन पावलं चालल्यावर तिच्या निऱ्या सुटून सगळी साडी पायात आली.

"वाट लागली," ती म्हणाली. "तुला कुणी सांगितलं होतं गं न शिवलेल्या आणायला?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आईकडे बघितलं. आईने आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

एवढ्या बायका बघून बाबा सकाळपासून आतच बसले होते. आई आत गेली, तिच्यामागे मी.

"अहो, उठा," आई म्हणाली.

काय म्हणायचंय ते त्यांना लगेच कळलं. "माका जमाचा नाय."

"न जमायला काय झालं?"

"चौथ्या मजल्यावरची बाहेर बसलीय," बाबा हळूच म्हणाले.

ती बसली होतीच. ज्याने बाबांना वहिनी केलं त्या शेजाऱ्याची बायको, माझ्या सोफ्यावर, सगळ्यांत मोठी नथ घालून. इतकी वर्षं एका माणसाने जे गिळून ठेवलं, ते माझ्या फॅशनपायी भर हॉलमध्ये उघडं करायचं? उद्यापासून लिफ्टमध्ये परत ते सुरू झालं तर? बिल्डिंग बदलली तरी माणसं तीच होती.

"बाबा, राहू द्या," मी म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. "आम्ही ड्रेस घालून जातो. काही बिघडत नाही."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या साडीकडे. काठ दोन बोटांत धरून त्यांनी जरा चोळला.

"काठ जड आहे," ते म्हणाले. "निऱ्या बसतील." आणि उठले. "ती जास्तीची आहे ना, ती आण. मी कुणाला हात लावणार नाही. मी नेसतो, तुम्ही बघून बघून नेसा."

हॉलच्या मधोमध बाबा उभे राहिले. पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, टीशर्ट, अर्धं टक्कल. आधी एक-दोघी तोंडावर ओढणी घेऊन हसल्या. मग बाबांनी साडी झटकून मोकळी केली आणि हसणं थांबलं. त्यांचे हात साडीवर आमच्यापैकी कुणाचेच चालत नव्हते तसे चालत होते. "इथे गाठ. घट्ट, पण पोटात श्वास घेऊन. आता पदर आधी ठरवा, निऱ्या मागून. पदर ठरला नाही तर निऱ्या घेऊन काय करणार?" अकरा बायका निमूटपणे पोटात श्वास घेऊन गाठी मारत होत्या. कुणाचं चुकलं की बाबा लांबूनच सांगायचे, "तुमचा उलटा काठ आलाय, वहिनी." तो शब्द त्यांच्याच तोंडून ऐकून आई माझ्याकडे बघायला लागली, पण बाबांच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

निऱ्या झाल्या. आता काष्टा. बाबा निऱ्यांचा झुपका हातात घेऊन वाकणार, एवढ्यात उघड्या दारात चौथ्या मजल्यावरचे काका उभे. बायको चावी घेऊन वर आली होती म्हणून शोधत आलेले. त्यांनी बाबांना बघितलं. तोंड उघडं पडलं, आणि मग इतक्या वर्षांची सवय म्हणा की काय, तोंडातून निघालंच.

"काय वहिनी..."

बाबांचा हात तसाच थांबला. मला वाटलं, आता साडी सोडून आत जातील आणि दार लावतील. मी रागाने पुढे होणार तर आईने माझं मनगट धरलं.

बाबांनी मान वर केली. पदर डोक्यावरून घेतला, एका हाताने कानापाशी धरला, आणि असा काही आवाज काढला की मी जन्मात ऐकला नव्हता. गोड, लाजरा, आणि आतून भयंकर खट्याळ.

"अगं बाई, भावजी! दारात का उभे? या ना आत. पाणी भरलंय हो मी, गार देऊ की कोमट?"

हॉल फुटला. माझी मैत्रीण हसून हसून जमिनीवर बसली, तिच्या निऱ्या दुसऱ्यांदा सुटल्या. काकांना कुठे बघावं कळेना. सगळ्यांत जोरात कोण हसत असेल तर त्यांची बायको. हसता हसताच ती त्यांच्यावर ओरडली, "चावी घ्या आणि निघा आता! काष्टा चुकला माझा तर तुम्हालाच नेसवायला लावीन." काका चावी घेऊन निघाले, पण दारातून परत वळले. "आवाज भारी काढतोस रे," म्हणाले, आणि या वेळी त्यांनी बाबांना त्यांच्या नावाने हाक मारली. बाबांनी वाकून काष्टा खोचून दाखवला.

सगळ्या नेसून झाल्या. आरशासमोर रांग लागली आणि एकेकीची मान आपोआप ताठ झाली. उरलेल्या तिकिटावर बाबांना न्यायचं हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. ते नाही नाही म्हणत आत गेले आणि साडी बदलून पँट-शर्ट घालून, केस विंचरून बाहेर आले. जे काही केस आहेत ते.

बोरिवलीला थिएटरच्या लॉबीत फोटोची वेळ आली. बाबा सवयीने मोबाइल घ्यायला पुढे आले, घरचा प्रत्येक फोटो तेच काढतात. मैत्रिणीने तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि त्यांना मधोमध ढकललं. ते हाताची घडी घालून शाळेतल्या मास्तरांसारखे उभे राहिले. आम्ही सगळ्यांनी गॉगल लावले. "एक, दोन," मैत्रीण म्हणाली, आणि तीनला काय झालं कोण जाणे.

सिनेमा सुरू व्हायच्या आधी, खुर्चीत बसल्यावर मी तो फोटो उघडला. आम्ही सगळ्या मोरपंखी खांबांसारख्या ताठ उभ्या आहोत, निऱ्या सुटतील या भीतीने. आणि मधोमध पँट-शर्टातले बाबा. एक हात कमरेवर, मान किंचित कललेली, हनुवटी खाली, नजर वर, आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत नसलेला पदर धरलेला. अख्ख्या फोटोत नऊवारी नेसलेली बाई एकच दिसते.

मी मोबाइल आईच्या हातात दिला. तिने बोटांनी फोटो मोठा केला, अजून मोठा केला, बाबांचं तोंड मावेपर्यंत. मग माझ्या अंगावरून वाकून, पलीकडे बसलेल्या बाबांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्या बाईक इचार गो, साडी खंयसून घेतली?"

लाइट मालवत होते. बाबांनी समोर पडद्याकडेच बघत, त्याच सकाळच्या आवाजात उत्तर दिलं.

"मालाडसून," ते म्हणाले. "आणि परत करूची नाय."