मानपत्रातली खाडाखोड

इस्लामपुरात कुणाचा सत्कार ठरला की मानपत्रासाठी माझा फोन वाजतो. मी हायस्कुलात मराठी शिकवते. निवृत्त होणारे मुख्याध्यापक, साखर कारखान्याचे संचालक, पतसंस्थेचे अध्यक्ष, सगळ्यांवर मी शब्दांची उधळण केली आहे. ज्यांनी जन्मात कुणाला चहा पाजला नाही, त्यांना मी दानशूर केलं. त्याची मला कधी लाज वाटली नाही. मानपत्र ऐकून सोडून द्यायचं असतं, त्याची उलटतपासणी कुणी करत नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

दोन वर्षांपूर्वी माझ्या माहेरच्या गावाने माझ्या वडिलांचा सत्कार करायचं ठरवलं. गाव पाटण तालुक्यातलं, घरटी एक फौजी. त्यात वडील एकटेच नौदलात गेलेले. त्यामुळे आयुष्यभर पारावर त्यांची चेष्टा झाली. बाकीच्यांनी बर्फात दिवस काढले आणि हा गडी बोटीत बसून फिरला, असं सगळे म्हणायचे. वडील हसायचे आणि तंबाखू मळत बसायचे. मला मात्र लहानपणापासून त्या चेष्टेचा राग यायचा. पुढे एकाहत्तरची लढाई प्रत्यक्ष पाहिलेले गावात वडील आणि एक सुभेदार असे दोघेच उरले, तेव्हा कुठे गावाला जाग आली. आता सगळ्यांची तोंडं एकदाची बंद करायची, या ईर्ष्येनेच मी मानपत्र लिहायला बसले.

त्याआधी वडिलांना लढाईबद्दल विचारलं होतं. ते म्हशीसाठी पेंड भिजवत होते. "त्येंचं जहाज बुडालं. मानसं पान्यात पडली. मग आमी बोट घेऊन गेलो," एवढं म्हणाले. तेवढ्यात म्हशीने बादली लवंडली आणि विषय तिथेच राहिला. मला तेवढं पुरेसं होतं. बोट कशासाठी नेली, हे विचारायची गरजच वाटली नाही. लढाई होती, समोर शत्रू होता. उरलेलं मी माझ्या पदरचं घातलं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणात कार्यक्रम झाला. शाल, श्रीफळ झालं. मग काचेच्या फ्रेममधलं मानपत्र हातात धरून मी वाचायला लागले. आवाज चांगला लागला होता. "बुडत्या जहाजावरून सागरात उड्या घेणाऱ्या वैऱ्यांना आपण पाण्यातच टिपले. प्राणांची भीक मागणाऱ्या एकालाही आपण किनारा पाहू दिला नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.

"थांब," वडील खुर्चीतून उठत म्हणाले. "ह्ये कुनी लिवलं?"

"मी, आबा."

"तुला कुनी सांगितलं आसं?"

सरपंच मध्ये पडले. "आवं आबा, कौतुकच हाय की त्ये."

"कौतुक न्हाई, गुन्हा हाय ह्यो." वडिलांनी माझ्यासमोरचा माईक स्वतःकडे ओढला. "पान्यात पडल्याला, हातात काय नसल्याला मानूस मारनं म्हंजी लढाई न्हाई. खून हाय त्यो. कोर्टात हुबं करत्यात त्यापायी. ह्ये मी घरात भितीवर लावू? नातवंडं वाचतील, आपला आजा खुनी हुता."

समोर पहिल्या रांगेत सुभेदार बसले होते. त्यांनीच शांतपणे विचारलं, "मग बोट कशापायी न्हेली हुतीस, गड्या?"

"काढायला," वडील म्हणाले.

मग आम्ही कधीच न ऐकलेलं ते बोलले. समुद्रावर काळं तेल पसरलं होतं. त्यात माणसं डोळे मिटून ओरडत होती. कपडे धरून ओढावं तर ते तेलाने हातातून सुटत होते, म्हणून केस धरून, बगलेत हात घालून वर घेतली. बोटीतल्या एका जवानाचा भाऊ त्याच लढाईत गेला होता. त्याने बंदूक उचलली. वडिलांनी ती हाताने खाली दाबली आणि त्याला म्हणाले, "आदी ह्याला वर घे, मग मला काय बोलायचं त्ये बोल." त्या जवानाने बंदूक ठेवली आणि तोही ओढायला लागला. जहाजावर नेऊन त्या माणसांचे डोळे धुतले, त्यांना चहा दिला, आपली कांबळी दिली.

"आता त्ये खोड," वडील मला म्हणाले. "हितंच."

मुख्याध्यापकांनी कर्कटकाने फ्रेमच्या मागचे खिळे उचकटले. सोनेरी नक्षीच्या त्या कागदावर, सगळ्या गावासमोर, माझी दोन वाक्यं मी बॉलपेनने खोडली. शिक्षिका म्हणून इतकी फजिती माझी कधी झाली नव्हती. आणि तरीही माझा ऊर अभिमानाने भरून आला होता. ज्या माणसाला मोठं करायला मी बसले होते, तो मी लिहिलेल्या वीराहून कितीतरी मोठा होता.

"किती जणांना काढलं, आबा?" मी विचारलं.

"आकरा."

मी समासात लिहायला लागले. वडील तिथेच उभे होते. थोड्या वेळाने माईकपासून दूर होऊन, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "बारावा हुता. हात हातात आल्याला. त्येलानं निसटला. त्यो बी लिव."

मी लिहिलं आणि उभी राहून वाचलं, "आपण शत्रूच्या अकरा खलाशांना समुद्रातून जिवंत बाहेर काढले. बारावा आपल्या हातातून निसटला."

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. सुभेदारांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. वडिलांनी पंच्याने डोळे पुसले आणि दोन्ही हात माझ्यापुढे केले.

"आता दे," ते म्हणाले.