नावाआधीचं ‘कु.’

“कुमारी शकुन कोण व्हय?” कंपाउंडरनं दारातून हाक मारली.

साठीला टेकलेली बाई उठली तसं बाकावरचं कोणीतरी हसलं. “कुमारी बुढी आली पाहा.” शकुनही हसली. मी नाही हसले. तिच्या पातळावर मागून रक्ताचा डाग पडला होता. तो माझ्या ओढणीनं झाकत मी तिच्या मागोमाग चालले होते.

आम्ही कोण ते सांगते. ती बपेऱ्याची, मी आंबागडची. एकाच भरतीत निमलष्करी दलाच्या महिला बटालियनमध्ये लागलो. खांद्यावर रायफल, पायात जड बूट. बराकीत तिची खाट माझ्या शेजारी, अन् पुढं सारं जगणंच शेजारी. नवराबायको राहतात तशा राहिलो आम्ही. फक्त कोणाजवळ बोललो नाही. बोललो असतो तर वर्दी गेली असती. रिटायर झाल्यावर आंबागडला दोघींनी घर बांधलं. गाव फौजीबाया म्हणायचं. माघारी काय म्हणायचं, तेही ठाऊक होतं.

पाळी जाऊन बरीच वर्षं झाली, अन् शकुनला परत रक्त जायला लागलं. म्हणून हा दवाखाना.

डॉक्टरीणबाईनं कागदावरचं ‘कु.’ पाहिलं.

“लग्न नाही झालं?”

“नाही,” शकुन म्हणाली.

“मग आतून तपासायचं नाही. कुमारीची ती तपासणी आम्ही करत नाही.”

मी म्हटलं, “मॅडम, पण रक्त जाऊन राहिलं ना.”

“तुम्ही कोण?”

माझ्या आधी शकुनच बोलली. “मैतरीण व्हय माही.”

“मग तुम्ही बाहेर बसा.”

बाहेर बसणं मला नवं नव्हतं. न्हाण आल्यावर आई महिन्याच्या महिन्याला गोठ्याच्या कडेला बसवायची. तेव्हा निदान चार दिवसांनी घरात घ्यायची.

रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या. परत गेलो, परत गोळ्या. “नवरा नाही, लेकरू नाही, पिशवीला काय होणार आहे?” असं म्हणून बाई हसल्या, म्हणे. शकुननंच मला बसमध्ये सांगितलं. खिडकीबाहेर बघत म्हणाली, “एवढी बंदूक चालवली वं, पण याइच्या हिशोबानं मी आजूक पोरगीच.”

पिशवीचाच कॅन्सर निघाला. नागपूरला. तोवर तो पोटभर पसरला होता.

ऑपरेशनच्या कागदावर रक्ताच्या नात्याची सही पाहिजे होती. बपेऱ्याहून तिचा भाऊ आला. शकुन वर्दीत असताना ज्यानं कधी तिची चौकशी केली नाही, तो आत उभा. मी जिन्यावर. ती आतून म्हणत होती, “तिले आत घ्या ना.” मला ऐकू येत होतं.

शकुन गेली. मातीही बपेऱ्यालाच झाली. मी गर्दीच्या मागं. एका बाईनं विचारलं, “तुम्ही कोन वं त्याइच्या?” मी ओढणी सारखी करत आणखी मागं सरले.

घरी दोन खाटा आहेत. तिच्या खाटेवरची चादर मी अजून झटकते.

परवा माझी तपासणी करायला मी त्याच दवाखान्यात गेले. कंपाउंडरनं माझ्या नावाआधी कुमारी लावून हाक मारली. मी उठले नाही. त्यानं परत मारली. मग मी म्हटलं, “कुमारी इथं कोनी नाही. नुसतं नाव घे बाप्पा, मंग येतो.”

आत गेले. तीच डॉक्टरीण.

“लग्न झालं?”

“मॅडम, शकुन आठवते का? तुम्ही तिले तपासलं नाही. ते माही मैतरीण नोहती. माही बायको होती. मले आतून तपासा.”

तिनं पेन खाली ठेवला. कंपाउंडर दारातच थबकला होता. बाहेरच्या बाकावरचे दाराकडं वळून पाहत होते, म्हणजे ऐकलं असणार त्यांनी. ऐकू दे.

मग तिनं नर्सला पडदा ओढायला सांगितलं.

माझा रिपोर्ट यायचा आहे. काय यायचं ते येवो. बपेऱ्याची असो, नाकाडोंगरीची असो, जिच्या नावाआधी ‘कु.’ आहे अन् जिला आतून तपासायला कोणी तयार नाही, तिच्यासोबत मी जाणार. तुम्ही कोण म्हणून विचारलं तर सांगणार.

बाहेर बसणार नाही.