चार बोटांची जागा

आमच्या मामांचा मोजपट्टीवर विश्वास नाही. आयुष्यभर शहरातली बस चालवलेल्या माणसाला पट्टी लागत नाही, असं ते म्हणतात. दोन ट्रकांच्या मधून गाडी काढताना खाली उतरून कोणी माप घेत बसतं का? नजर टाकायची आणि निघायचं. घरातही त्यांचं तेच. नवा फ्रिज आला तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, एक डोळा बारीक केला आणि म्हणाले, "जातोय. दोन्हीकडे दोन-दोन बोटं." आणि गेला. तेव्हापासून घरात काहीही मोठं यायचं असलं की आधी मामांना दारात उभं करायचं, अशी पद्धतच पडली. मला विचाराल तर फ्रिज त्यांच्या नजरेशिवायही गेला असता, पण हे त्यांच्या तोंडावर बोलायची आमच्यात कुणाची छाती नाही.

मामी त्यांच्याच बसवर कंडक्टर होती. दोघांचं जमलं तेही त्या बसमध्येच. गाडी मागे घ्यायची झाली की मामी खाली उतरायची, मागे जाऊन उभी राहायची आणि "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत पत्र्यावर थापा मारायची. थापा चालू आहेत तोवर यायचं, एक जोरात बसली की थांबायचं. नोकरी सुटली, पण ही सवय काही सुटली नाही. पाहुण्यांसमोर मामांची गाडी फार सुसाट सुटली की मामी टेबलावर एकच थाप मारते आणि मामा वाक्याच्या मध्येच गप्प होतात.

तर अशा या नजरवाल्या मामांनी गेल्या वर्षी स्वतःची छोटी गाडी बिल्डिंगच्या फाटकाच्या खांबाला घासली. मामी भाजी आणायला गेली होती, मामा एकटेच गाडी मागे घेत होते. "खांब पुढे आलाय," हे त्यांचं पहिलं वाक्य. मामेभावाने, म्हणजे दादाने, गाडीची किल्ली स्वतःकडे ठेवून घेतली आणि त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. मामा म्हणाले, "पिकू दे अजून," जणू काही पिशवीत केळीच ठेवली आहेत. ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांना ऐकूही कमी यायचं. किल्लीचं नाव मात्र ते काढत नसत. फक्त रोज सकाळी खाली जाऊन उभी असलेली गाडी पुसत. ते पाहून मला फार वाईट वाटायचं. मी खालच्याच मजल्यावर राहतो, त्यामुळे ते पाहणं चुकवताही यायचं नाही.

अशात बेडरूममध्ये भिंतीतलं कपाट करायचं ठरलं. जुनं लोखंडी कपाट उघडताना किंचाळायचं, ते काढून टाकायचं होतं. सुतार आले, भिंत बघितली आणि त्यांनी साधा प्रश्न विचारला, "दारं सरकती करायची की बिजागरीची?"

त्या एका प्रश्नावर घरात आठवडाभर रण माजलं.

मामांना बिजागरीची दारं हवी होती. "दोन्ही पल्ले उघडले की अख्खं कपाट समोर. सरकत्या दारात अर्धं कपाट कायम झाकलेलं. अर्धी काच झाकून कोणी गाडी चालवतं का?"

"कपाट चालवायचं नाहीये तुम्हाला," मामी म्हणाली. "पल्ला उघडला की पलंगावर आपटणार. मग मी काय करू, दर वेळी पलंगावर चढून टॉवेल काढू?"

सुतार बिचारे दोघांच्या मध्ये उभे. "तसं दोन्हीत थोडं थोडं आहे," ते म्हणाले. "सरकत्याला पुढे जागा लागत नाही, पण खालच्या पट्टीत धूळ बसते आणि एका वेळी एकच बाजू उघडते. बिजागरीला काही त्रास नाही, फक्त पल्ला फिरायला जागा पाहिजे." त्यांनी पट्टी लावली, जमिनीवर खडूने अर्धगोल काढला, आणि तो अर्धगोल सरळ पलंगाच्या खाली शिरला. "लागणार, काका. तीन-चार बोटं कमी पडतायत."

मामा दारात जाऊन उभे राहिले. एक डोळा बारीक केला. "पट्टी ताणली गेलीय तुमची. पल्ला आरामात फिरतो, वर चार बोटं उरतात."

आता हा वाद कपाटाचा राहिलाच नव्हता. दादाला ते कळलं, आणि त्याने नको तिथे तोंड उघडलं. "ठीक आहे, बाबा. सुतार उद्या पुठ्ठ्याचा पल्ला करून आणतील. तो फिरला आणि चार बोटं उरली, तर गाडीची किल्ली तुमची. नाही फिरला, तर ऑपरेशन."

"झालं!" मामा म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळला की मला दादाच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला. मोजपट्टीने सांगून झालं होतं, खडूने सांगून झालं होतं. उद्या पुठ्ठाही तेच सांगणार होता, आणि तेही सगळ्यांच्या देखत.

संध्याकाळी मामा फिरायला बाहेर पडले आणि मामीने मला वर बोलावलं. बेडरूममध्ये ती कंबरेवर हात ठेवून पलंगाकडे बघत होती.

"धर त्या बाजूने," ती म्हणाली. "खिडकीकडे सरकवायचाय. आठ बोटं."

"मामी, ही तर शुद्ध फसवणूक आहे!"

"धर म्हणते ना. सगळ्यांसमोर हरले तर महिनाभर जेवणार नाहीत नीट. मी ओळखते त्यांना."

"आणि जिंकले तर गाडी घेऊन निघतील त्याचं काय? समोरचा खांब दिसत नाही त्यांना!"

"किल्ली मी लपवीन. माणसाला गाडीपासून लांब ठेवणं वेगळं आणि त्याचं नाक कापणं वेगळं. पहिलं मला करायचंय, दुसरं नाही."

मी पलंग धरला. पलंग जुन्या लाकडाचा, अंगात येडा जोर असल्याशिवाय न हलणारा. मामी सत्तरीला टेकलेली, तिची कंबर पावसाची बातमी हवामान खात्याच्या आधी देते. तरी तिने ढकलला. आठ बोटं सरकला, आणि खिडकीकडची वाट, जिथून मामी रोज पलंगावर जाते, मांजर जाईल एवढीच उरली. पायांचे पांढरट डाग फरशीवर राहिले होते, त्यांवर मामीने पायपुसणं टाकलं.

"तू झोपायला कुठून जाणार?"

"पायथ्याकडून चढेन. काय बिघडतं?" ती धापा टाकत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार खरोखरच पल्ल्याच्या मापाचा पुठ्ठा घेऊन आले. चिकटपट्टीने तो भिंतीला लावला. दादा हाताची घडी घालून उभा, मी छताकडे बघत उभा, मामी ओढून-ताणून गंभीर. सुतारांनी पुठ्ठा हळूहळू फिरवला. तो पलंगाजवळ आला आणि अलगद पुढे निघून गेला. सुतारांनी मध्ये बोटं घालून बघितली. चार.

"कमाल आहे," ते पुटपुटले आणि आपल्या पट्टीकडे अशा नजरेने बघू लागले की मलाच तिची दया आली.

दादाने खिशातून किल्ली काढली आणि पुढे केली. शब्दाला पक्का आहे, तेवढं त्याचं खरं. मामांनी किल्लीकडे पाहिलं. त्यांचा हात थोडा उचललाही गेला. मग तो खाली आला.

"अगं," ते मामीकडे वळून म्हणाले, "पलंग मागे कोणी घेतला?"

मामीने पायपुसण्याकडे बघितलं. त्यामुळे आम्ही सगळ्यांनीच बघितलं.

"मला दिसलं नाही हां," मामा म्हणाले. "खोटं कशाला बोलू. काल झोपायला आलो, नेहमीसारखा बसायला गेलो, आणि अर्धा हवेतच. डोळ्यांना कळलं नाही, बुडाला कळलं."

दादा फिस्सकन हसला. मला वाटलं आता मामा चिडणार, पण ते तसेच बोलत राहिले.

"आणि ही बाई कंबर धरून पायथ्याकडून चढली. मी झोपल्याचं सोंग घेऊन पडलो होतो. चढताना 'आई गं' म्हणाली, तेही तोंडावर हात ठेवून."

"अहो, मला आपलं वाटलं..." मामी म्हणाली.

"तुला काय वाटलं ते कळलं मला." मामा पलंगाच्या कडेला बसले, या वेळी आधी हाताने चाचपून. "माझ्या गाडीला कधी ओरखडा नाही, असं मी जगभर सांगत फिरलो. पुढे जाताना नजर माझी होती, ते कबूल. पण मागे घेताना मी कधी आरशात बघितलंच नाही. तुझी थाप ऐकायचो. तू भाजीला गेलीस आणि मी खांबाला गेलो, एवढीच गोष्ट आहे."

मामीने डोळे पुसले आणि लगेच, रडू आल्याचा रागच आल्यासारखी म्हणाली, "मग आता बसून काय राहिलात? उठा. पलंग जागेवर घ्या."

मामा, दादा, सुतार आणि मी, चौघांनी पलंग धरला. मामी भिंतीपाशी जाऊन उभी राहिली आणि पलंगाच्या लाकडावर थापा मारू लागली. "येऊ द्या... येऊ द्या... उजवीकडून थोडं... येऊ द्या..." मग एकच जोराची थाप. पलंगाचे पाय त्या पांढरट डागांवर बरोब्बर उभे होते.

"सरकती करा, मिस्त्री," मामा म्हणाले. "पण माझी बाजू डावी." मग ते दादाकडे वळले. "आणि किल्ली हिच्याकडे दे."

कपाट छान झालं. आता रोज सकाळी दोघांना एकाच वेळी कपाटात काहीतरी हवं असतं. मामी दार डावीकडे ढकलते, मामा उजवीकडे, आणि अर्धं कपाट झाकलेलं असल्याबद्दल मामा दिवसातून एकदा तरी टोमणा मारतात. तो त्यांचा हक्कच आहे. ऑपरेशन दोन्ही डोळ्यांचं झालं. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर घरी येऊन त्यांनी पहिल्यांदा काय पाहिलं असेल, तर सरकत्या दाराच्या खालच्या पट्टीतली धूळ, आणि मामीला हाक मारून ती दाखवली.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मामीने पिठाच्या डब्यातून किल्ली काढून दिली. मामा आता फाटकाचा खांबच काय, त्यावरची मुंगीसुद्धा मोजून दाखवतात. तरी गाडी मागे घ्यायची झाली की ते इंजिन सुरू करतात, काच खाली घेतात आणि तसेच बसून राहतात. मामी सावकाश जिना उतरते, गाडीच्या मागे जाऊन उभी राहते, आणि पत्र्यावर पहिली थाप पडल्याशिवाय गाडी हलत नाही.