पिलं धरून मोजली

रावेरच्या स्टँडवर मला पुण्याच्या गाडीत बसवायला नाना आले होते. माझे वडील. गाडीला उशीर होता. समोर केळीचा ट्रक थांबलेला, ड्रायव्हर चहा घेत होता. नानांनी ट्रककडे एकवार पाहिलं आणि म्हणाले, "बारा टनाच्या आतच हाये." ड्रायव्हरने हसत काट्याची पावती दाखवली. अकरा टन नऊशे किलो. मी तेव्हा रडत होते, तरी हसू आलं.

आमच्याकडे शेत एकरात सांगत नाहीत, खोडात सांगतात. अमक्याची पाच हजार केळी, तमक्याची दहा. कापणीआधी नाना ओळीतून चालतात, शंभर खोडं झाली की त्या खोडाला सुकल्या पानाची गाठ मारतात. बुडाशी वाढणारं पील मोजायचं नाही, त्याला घड यायला अजून अवकाश. शेजारचे वसंताभाऊ तर नानांनी फेरी मारल्याशिवाय कापणीला माणसं बोलावत नसत.

आता मी केळी परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत डेस्कवर बसते. मराठी बोलते ती फक्त डबा खाताना. यंदा आमच्याच शेतातला माल जायचा होता. नाना म्हणाले, अकराशे घड. कंपनीच्या ड्रोनने वरून फोटो काढले, अ‍ॅपने दोन हजारांवर आकडा दिला. मी सरांना म्हटलं, यात पिलं धरली गेलीत. सर म्हणाले, "डोन्ट अंडरएस्टिमेट टेक्नॉलॉजी." दोन कंटेनर मागवले. एक भरला, दुसऱ्याच्या तळाला चार खोकी.

आणि मग रिपोर्ट निघाला: 'ग्रोअर ओव्हरएस्टिमेटेड.' टाइप मीच केला. हो, मीच. माझ्या बापाविरुद्ध, माझ्या बोटांनी. इथे आठ वर्षांत एक गोष्ट शिकले. साहेबाचं चुकलं तर तो मिसकॅल्क्युलेट करतो, जणू गणित फार अवघड होतं. मशीनचं चुकलं तर कुठेतरी मिसकाउंट होतं, कुणी केलं ते विचारायचं नाही. आणि शेतकरी बरोबर असला तरी तो ओव्हरएस्टिमेट करतो, म्हणजे फुगवून सांगतो. काय लाज आहे की नाही यांना? आणि मला तरी होती का?

रिपोर्टची प्रत गावात केळी खोक्यांत भरतात त्या पॅकहाऊसच्या भिंतीवर लागली. वसंताभाऊंनी कापणी ठरवली, नानांना बोलावलं नाही. आईने फोनवर सांगितलं, "हे दोनदा जाऊन आले वावरात. कापलेल्या खोडाचे बुंधे मोजतात." मग नानांनी फोन घेतला. "माह्याच मोजन्यात खोट व्हती का वं?" सत्तर वर्षांचा माणूस, मला विचारत होता. मला रिपोर्ट लावणाऱ्यांपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी मी ड्रोनचे फोटो उघडून बसले. एकेका खोडावर, एकेका पिलावर खूण केली. खोडं अकराशे चार निघाली. तेवढं जोडून परदेशच्या गिऱ्हाइकाला मेल केला: 'वी मिसकाउंटेड.' पॅकहाऊसला मराठीत लिहिलं: "नानांची मोजणी बरोबर होती. कंपनीने पिलं धरून मोजली. चूक आमची आहे. जुना कागद काढून हा लावा." खाली माझं नाव, सासरचं आणि माहेरचंही.

सरांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, "हू ऑथराइज्ड यू?" सोमवारी एचआरकडे जायचं आहे. नोकरी राहील असं वाटत नाही.

माझ्यासारखे गाव सोडून गेलेले विचारतात, घर आता कुठलं? इथला फ्लॅट माझा आहे, गावची खोली भावाने धान्याला वापरली आहे. पण जिथे बापाची मान माझ्यामुळे खाली जाते, ती जागा मला परकी म्हणता येत नाही. काल आईचा फोन आला. मी म्हटलं, नानांना दे. आई म्हणाली, "घरी कुठं हायेत ते? वसंताभाऊ येऊन घेऊन गेले त्यांच्या वावरात."