व्हरांड्याचं रीळ

आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या शेजाऱ्यांना सगळे पडदेकाका म्हणत. ते थिएटरात डोअरकीपर होते. खेळ सुरू झाला की दारावरचा जाड पडदा ओढायचा आणि संपत आला की बाजूला सारायचा, हे त्यांचं काम. त्यामुळे त्यांनी जन्मभर चित्रपटांचे फक्त शेवट पाहिले होते. "वहिनी, मला विचाराल तर माणसं लग्न करतात नाहीतर मरतात. मधलं काही मला ठाऊक नाही," असं ते म्हणत.

त्यांचं खरं वजन खेळ सुटल्यावर कळे. बाहेर पडणाऱ्यांना ते "कसा वाटला?" असं विचारत आणि लोक म्हणतील ते जसंच्या तसं मालकांच्या कानावर घालत. त्यावरून चित्रपट ठेवायचा की उतरवायचा ते ठरे. मालकांची आणखी एक रीत होती. चित्रपट लांबलचक असला की दिवसाचे चार खेळ बसवण्यासाठी, लोकांना जिथे कंटाळा येतो ते रीळच ते ऑपरेटरला गाळायला सांगत. पडदेकाका पदरचं काही घालत नाहीत, असा मालकांचा भरवसा होता. त्या भरवशाचा काकांना फार अभिमान.

त्या वर्षी साहेबांच्या राज्यातला एक प्रेमपट लागला. गोरा अधिकारी, शाळामास्तरांची मुलगी, मधे साहेबाची बहीण, शेवटी बोट. काकांच्या मुलीचं, चिमीचं, त्यात काम होतं. लग्न होऊन शहरात गेल्यापासून ती चित्रपटांत गर्दीत उभी राहायची. या वेळी पहिल्यांदा तिला तोंड उघडायला मिळालं होतं. कुठे, ते तिने सांगितलं नव्हतं. "ओळखा तुम्हीच," म्हणाली होती. दुसऱ्या रविवारी सहाच्या खेळाला ती सासूला घेऊन येणार होती. शहरातून चित्रपट उतरला होता, त्यामुळे दाखवायचा तर इथेच. सासूबाईंनी बजावलं होतं, "गर्दीतच उभं राहायचं तर बाजारात जा, भाजी तरी येईल. एकदा बघते. दम असला तर कर, नाहीतर हे खूळ सोड."

पहिल्या दिवसापासून काका दाराशी कान टवकारून उभे. कुणी चिमीबद्दल बोलतंय का?

"साहेब आपल्यापेक्षा शुद्ध बोलतो हो!"

"घोडा मात्र छान. साहेबापेक्षा त्याच्याच डोळ्यांत जास्त प्रेम आहे."

"मेल्याने तिला बंदरावर सोडलं! माझा पदर भिजला बाई."

"व्हरांड्यात नुसता चहा पितात. मी झोपून घेतलं."

व्हरांड्याला बरेच जण कंटाळले होते. काकांनी ते इमानेइतबारे मालकांना सांगितलं.

मी शनिवारीच चित्रपट पाहिला होता, पण दाराशी गर्दी, बोलता आलं नाही. रविवारी नणंदेकडे गेले ती गुरुवारी परतले. काका गॅलरीत येरझारा घालत होते.

"काका, चिमीने काय सुरेख काम केलंय!"

ते थबकले. "दिसली तुम्हाला? कुठे?"

"व्हरांड्यात. साहेबाच्या बहिणीला चहा देणारी म्हातारी आया. केस पांढरे केलेत, पण मान तिरकी करून बोलायला लागली आणि मी ओळखलं."

"वहिनी, व्हरांडा मंगळवारपासून नाही."

"नाही म्हणजे?"

"रीळ गाळलं. मीच सांगितलं ना, लोक झोपतात म्हणून!"

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "लोकांचं ऐकता ऐकता स्वतःच्या पोरीवरच कात्री चालवलीत! आता विहीणबाईंना काय दाखवणार, घोडा?"

लोक व्हरांडा मागतायत, एवढंच मालकांना सांगायचं होतं. मीही म्हटलं, "काका, एकदा सांगून टाका. कोण पडताळायला येतंय?" दोन दिवस ते उठायचे, चपला घालायचे, जिन्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. शनिवारी दुपारी एकदाचे गेले. तिथे काय झालं ते नंतर त्यांनीच सांगितलं.

"मालक, व्हरांड्याचं रीळ परत लावा."

"का? लोक मागतात?"

"एक जण मागतोय."

"कोण?"

"मी."

"तू पाहिलंस ते?"

"नाही."

मालक खो खो हसले. "न पाहताच आवडलं?" मग काकांनी सगळं सांगितलं. मालक हसायचे थांबले. "ऑपरेटरला उद्या सहाच्या खेळाला लावायला सांगतो. पण लोक उठायला लागले तर सोमवारपासून बंद."

रविवारी मी चिमी आणि तिच्या सासूबाईंच्या शेजारी बसले होते. व्हरांडा आला. म्हातारी आया चहा ओतताना थांबली, मान तिरकी केली आणि म्हणाली, "बाईसाहेब, ती मुलगी तुमच्या भावाची वाट बघत नाही. घरी काय सांगावं, याचा विचार करतेय." तेवढ्यात मागच्या रांगेतले दोघे सिगारेट ओढायला उठले. मी वळून पाहिलं. दारात काका पाठ टेकून उभे होते, नजर पडद्यावर.

"काका, दार सोडा."

"बसा."

"अहो, बाहेर जायचंय!"

"आयाचं बोलणं होऊ द्या. मग खुशाल जा."

लोकांनी "शू!" केलं. ते दोघे चडफडत खाली बसले.

खेळ सुटल्यावर काका नेहमीच्या जागी उभे राहिले. विहीणबाई समोर आल्या तेव्हा "कसा वाटला?" हे शब्द त्यांच्या तोंडून कसेबसे निघाले.

"घोडा बरा आहे," त्या म्हणाल्या. मग सुनेकडे न बघताच बोलल्या, "ही चहा बशीत सांडते. घरीही सांडते. पुढच्या चित्रपटात नीट ओतायला सांगा."

चिमीने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

काका तिथून तडक मालकांकडे गेले. आज तरी गप्प राहायचं, असं मी सुचवून पाहिलं होतं. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि आत जाऊन सांगितलं, "दोघं उठले होते, मालक. मी अडवलं."

सोमवारी व्हरांडा पुन्हा गेला.