कानबाईच्या चालीवर पहिला धडा

डी.एड. होऊन मी घरी बसले होते, तेव्हाची गोष्ट. नोकरी नव्हती, पण शिकवण्याची खुमखुमी भरपूर. पिंप्राळ्यातल्या एका देवळाच्या ओट्यावर मी बायकांचा साक्षरता वर्ग घ्यायचे. दुपारी धुणीभांडी आटोपून पंधरा-सोळा जणी यायच्या. त्यातल्या एकीला आम्ही सगळ्या अक्का म्हणायचो. अक्कांची लेक चाळीसगावला दिलेली, पहिलटकरीण; बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. मागे एकदा अक्का एकट्याच तिला भेटायला निघाल्या, स्टँडवर कुणी दाखवलेल्या गाडीत बसल्या आणि उतरल्या थेट अमळनेरला. तेव्हापासून घरच्यांनी त्यांचं एकटं जाणं बंदच केलं. मुलाला सवड असेल तेव्हाच जायचं.

"माले एकलीले चाळीसगावले जानं शे," अक्कांनी पहिल्याच दिवशी मला सांगून टाकलं. "बायतपनना पहिले."

दीड-दोन महिन्यांत वर्ग असा काही वाचायला लागला की मी हवेतच. पुस्तक उघडलं की सगळ्या खड्या आवाजात धडा म्हणायच्या, तोही श्रावणात कानबाई देवीपुढे रात्रभर जागून म्हणतात त्या गाण्यांच्या चालीवर. एके दिवशी वाऱ्यानं अक्कांच्या पुस्तकाची पानं उलटली. त्यांचं बोट नव्या पानावर फिरत राहिलं आणि तोंड जुनाच धडा गात राहिलं. मी चरकले. धड्यातलेच चार शब्द फळ्यावर सुटे लिहिले आणि एकेकीला विचारलं. कुणालाच वाचता येईना.

माझं डोकंच फिरलं. बायकांवर ओरडले आणि घरी जाऊन रडले. खरं तर चूक माझी होती. अक्षराची ओळख नसताना रात्रभराची गाणी तोंडपाठ ठेवणाऱ्या त्या बायका. मी धडा दिला, त्यांनी त्याचं गाणं करून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी सगळी पुस्तकं काढून घेतली. घरून परात नेली आणि तीत ज्वारीचं पीठ पसरलं. मी आधी नुसतं अक्षर, पुढे शब्द सांगायचा, त्यांनी कुठेही न बघता तो बोटानं पिठात काढायचा. चुकला की मी बरोबर काढून दाखवायचे आणि लगेच पुसायचे. तोच शब्द दोन दिवसांनी पुन्हा विचारायचे, मग आठवड्यानं, अचानक.

"गानं व्हतं तेच बरं व्हतं," म्हणत निम्म्या बायका गळाल्या. मी हट्टाला पेटले होते आणि अक्का माझ्याहून जास्त. त्या चुकायच्या, स्वतःवरच चिडायच्या, पुन्हा बोट टेकवायच्या. मी सांगायला तोंड उघडलं की म्हणायच्या, "थांब ताई, सांगू नको. माले याद करू दे."

पुढे नोकरीत असताना मेंदू कसा शिकतो यावर एका डॉक्टरांचं व्याख्यान ऐकलं. समोर दिसतंय ते घोकून नुसती ओळख वाढते. विसरत चाललेलं स्वतः जोर लावून आठवलं की मेंदूतली वाट पक्की होते, असं ते डॉक्टर सांगत होते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ती परात होती.

लेकीचे दिवस भरत आले आणि मुलाला नेमकी सवड नव्हती. अक्का निघाल्या. मी स्टँडवर सोबत गेले, पण तोंड उघडायचं नाही या अटीवर. पहिल्याच गाडीच्या पाटीपुढे त्या थबकल्या. ओठ हलत होते, बोट पदरावर अक्षरं काढत होतं. ती अमळनेरची गाडी होती. माझा जीव नुसता टांगणीला लागला. जीभ दातांखाली दाबून मी उभी राहिले.

"अमळनेर," त्या मोठ्यानं म्हणाल्या आणि जुनी वैरीण भेटल्यासारखं त्या पाटीकडे बघितलं. "हाई नही."

तिसऱ्या गाडीची पाटी त्यांनी दोनदा वाचली आणि आत चढल्या. खिडकीशी बसल्या, तोच एक पायजमेवाले गृहस्थ धावत आले आणि त्यांनाच विचारू लागले, "मावशी, ही चाळीसगावची का?"

"पाटीवर लिखेल शे ना!" अक्का म्हणाल्या.